फळ्यावरचे गुबगुबीत आकडे

आमच्या सासूबाईंनी क्रेस्टेन मासेवाल्याच्या शवपेटीपुढे उभं राहून लग्नातलं गीत खड्या आवाजात म्हटलं, तिथून हे सगळं सुरू झालं.

चूक त्यांची नव्हती. उपासनेत कोणती गीतं म्हणायची त्यांचे आकडे आमच्या चर्चमध्ये भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर आधीच टांगलेले असतात. आकडा बघायचा, पुस्तक उघडायचं, ऑर्गन वाजला की गायचं. कुणी काही सांगत नाही, कुणी काही विचारत नाही. आमच्या व्हेस्टरलुंड गावात बोलणं मुळातच कमी, आणि देवाच्या घरात तर ते उधळपट्टीत मोजतात. तर हे आकडे पितळेचे, काडीसारखे बारीक, नाजूक वळणांचे. सत्त्याऐंशी वर्षांच्या सासूबाईंना त्यात तीनाच्या जागी आठ दिसला. दुर्दैव असं की दोन्ही गीतांची चाल एकच. दोन कडवी कुणाला पत्ता लागला नाही. तिसऱ्या कडव्याला ऑर्गनवाल्यानं आवाज खाली आणला, आणि त्या शांततेत नवऱ्या मुलीच्या गालांवरची लाली क्रेस्टेनच्या पेटीवर स्वच्छ उतरली.

क्रेस्टेनची विधवा हसली नाही. हसली ती आमची शेजारीण गुडरून. ती तोंडावर रुमाल धरून हसली, पण रुमालातून खांदे थोडेच झाकले जातात?

घरी आल्यावर सासूबाईंनी टोपी खुंटीला अडकवली आणि म्हणाल्या, "मला स्वतःला आकडा वाचता येईल त्या रविवारी मी चर्चला येईन. तोवर नाही."

"मी सांगत जाईन ना तुमच्या कानात," मी म्हटलं.

"कानात सांगून घ्यायला मी काय कुकुलं बाळ आहे? तुझ्या नवऱ्याच्या जन्माआधीपासून त्या बाकावर बसतेय मी."

"मग चष्म्याचा नंबर…"

"नंबर बदलून झाला. डोळ्याच्या मधोमध डाग पडलाय म्हणतो डॉक्टर. कडेनं बघा म्हणतो. कडेनं बघितलं की मला आकडा दिसत नाही, गुडरून दिसते."

पुढचे तीन रविवार पाचव्या बाकावरची त्यांची जागा रिकामी राहिली. तेवढ्यावर भागलं असतं तरी मी गप्प बसले असते. पण रविवारी घंटा सुरू झाली की सासूबाई स्वयंपाकघराच्या खिडकीशी चर्चची टोपी घालून बसायच्या आणि घंटा थांबली की टोपी काढून ठेवायच्या. चौथ्या रविवारी मला ते बघवेना. चर्चची इमारत सांभाळायचं काम कमिटीनं माझ्याकडे दिलेलं आहे. गळकं छत, घंटेचा दोर, उंदीर, सगळं मीच बघते. मी माझ्या नवऱ्याला, लाउस्टला, म्हटलं, "आकडेच बदलायचे ना? जाड, ठळक आकडे आणले की झालं. त्यात काय एवढं?"

लाउस्टनं वर्तमानपत्र खाली केलं, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा वर केलं. तेहतीस वर्षांच्या संसारात त्यानं मला दिलेला हा सगळ्यात स्पष्ट इशारा होता. मला तो कळला नाही.

गुडरूनला बातमी लागायला एक दिवस पुरला. न्याहारीआधी बायबलमधला एक अध्याय वाचायचा आणि दुपारी बारा वाजेपर्यंत कुणाविषयी वावगा शब्द काढायचा नाही, असं माझं रोजचं व्रत आहे. गुडरून नेहमी सव्वाअकराला फोन करते.

"अगं एल्सेबेथ, आकडे कशाला बदलता? तुझ्या सासूबाईंना, मारेनमावशींना, पुढच्या बाकावर बसव की."

"पुढच्या बाकावर आमच्याकडे कोण बसतं, गुडरून?"

"कुणीच नाही. म्हणून तर जागा आहे."

पुढच्या बाकावर बसणं म्हणजे आपण देवाला जास्त ओळखतो असं गावाला सांगणं, हे तिलाही ठाऊक होतं. मी घड्याळाकडे बघितलं. बाराला बत्तीस मिनिटं कमी होती. मी म्हटलं, "सूचना चांगली आहे," आणि फोन ठेवून बत्तीस मिनिटं कपडे इस्त्री केले.

बंदरावर एगोन नावाचा पाट्या रंगवणारा आहे. आईस्क्रीमची टपरी, तंबूवाल्यांचा तळ, पोहण्याचा तलाव, सगळ्यांच्या पाट्या त्याच्याच. त्यानं मला अक्षरांची जाडी वही काढून दाखवली आणि एका पानावर बोट ठेवलं. त्या फाँटचं नाव 'बोल्ले' होतं. सकाळी लोणी लावून खातो तो आमचा गोल पाव म्हणजे बोल्ले, आणि आकडेही तसेच दिसत होते, नुकतेच भट्टीतून फुगून आलेले.

"हात फिरवून बघा," एगोन म्हणाला. "कोपरा म्हणून नाही. शेपट्या नाहीत, टोकं नाहीत, नखरा नाही. अंगानं भरलेलं अक्षर आहे. दोनशे मीटरवरून पोराला कळतं की इथं आईस्क्रीम मिळतं."

"चर्चमध्ये आईस्क्रीम मिळत नाही."

"म्हणूनच तिथं रांग नसते." मग जरा गंभीर होऊन म्हणाला, "एक आत्ताच सांगतो ताई, हे अक्षर वाचायचं नाही, ओरडायचं आहे. पाटीवर एखादा आकडा, दोन शब्द, बास. यात कुणी बायबल छापलं तर पहिल्याच पानावर लोक म्हणतील, देवा, ऐकू येतंय रे, जरा हळू."

माझा आवाज लहान आहे. सभेत मी बोलायला लागले की वारा आला समजून कुणीतरी खिडकी बंद करायला उठतं. ओरडणारं अक्षर मला तेव्हा मनापासून आवडलं, हे मी कबूल करते.

खरं तर या गोल अक्षरांविषयी माझ्या मनात आधी अढी होती. गावातली बँकेची शाखा बंद झाली तेव्हा दारावर अशाच गुटगुटीत अक्षरांत लिहिलं होतं, 'आम्ही तुमच्या आणखी जवळ येतोय!' आता बँक बेचाळीस किलोमीटरवर आहे. दवाखाना गेला, शाळा गेली, प्रत्येकाच्या बंद दारावर अशीच गालगुच्चा घेणारी पाटी लागली. आमच्याकडे हल्ली वाईट बातमीचे कोपरे आधी घासून घेतात, म्हणजे हातात घेताना लागत नाही. पण एगोननं नमुना म्हणून एक पुठ्ठ्याचा आठ दिला, तो मी घरी बागेच्या टोकाला सफरचंदाच्या झाडावर टांगला आणि सासूबाईंना खिडकीशी बोलावलं.

"आठ," त्या तिथूनच म्हणाल्या. "आणि चांगला जेवलेला आठ आहे."

महिनाभरानंतर त्या पहिल्यांदा हसल्या होत्या. माझी अढी गेली.

कमिटीत आम्ही सहा जण, त्यात गुडरून आहेच, आणि सातवे आमच्या चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब आस्गर, त्यांना आम्ही मत मागतो पण मोजत नाही. ते राजधानीतून आलेले, भारी शिकलेले. गवत कापायच्या यंत्रावर पाऊण तास चर्चा झाल्यावर माझा विषय आला. मी पुठ्ठ्याचा आठ टेबलावर ठेवला. सगळे त्याच्याकडे अशा नजरेनं बघू लागले, की जणू मी बाथटबमधलं बदक आणलं होतं.

"जाड आहे," खजिनदार म्हणाले.

"जाडच हवा आहे," मी म्हटलं. कुणीतरी खिडकी बंद केली.

"तो स्वतःकडे लक्ष वेधून घेतो," गुडरून म्हणाली.

आमच्या भागात याहून मोठा आरोप नाही. चोरी माफ होते, लक्ष वेधून घेणं होत नाही. मी म्हटलं, फळ्यावरच्या आकड्यानं लक्ष वेधायचं नाही तर दुसरं करायचं काय? त्यावर पाळकसाहेबांनी बोटांची टोकं एकमेकांना लावली. "एल्सेबेथताई, आकड्याला एक सूर असतो. या आठाच्या पोटात मला एक प्रकारचा बेफिकीर आनंद दिसतो. आता उपवासकाळातल्या शुक्रवारी तो आनंद कुठं ठेवायचा, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे."

म्हातारीला दिसेल का, हा प्रश्न कुणाच्याच पुढे नव्हता. शेवटी अर्ज वर पाठवावा असं ठरलं. म्हणजे नाही म्हणायचं काम वरच्यांनी करावं.

आमच्या देशात चर्चच्या भिंतीत खिळा मारायचा तरी वरच्या कचेरीला विचारावं लागतं. मी अर्ज केला. कचेरीनं तो परत पाठवला, कारण फळ्याचा फोटो समोरून होता, बाजूनं नव्हता. मी बाजूनं काढून पाठवला. मग प्राचीन वस्तूंच्या सल्लागार बाई आल्या. नखशिखान्त काळे कपडे, गोल चष्मा. त्या फळ्यापुढे अकरा मिनिटं हात मागे बांधून उभ्या राहिल्या. मी सांगून टाकलं, "बाई, हा काही प्राचीन नाही. गुडरूनच्या काकांनी साठच्या दशकात कोंबड्यांच्या खुराड्याचं दार कापून केलाय." वाटलं, सत्य सांगितल्यावर काम सोपं होईल.

"म्हणजे तो आपल्या काळाचा प्रामाणिक उद्गार आहे," बाई म्हणाल्या, आणि त्या क्षणापासून खुराड्याचं दार संरक्षित झालं. नंतर आमच्या घरी कॉफी घेताना त्यांनी पाच प्रकारचे केक खाल्ले, कारण आमच्याकडे पाचापेक्षा कमी मांडणं म्हणजे पाहुण्याला जा म्हणणं, आणि पाचांतला एक सोडणं म्हणजे यजमानिणीला नावं ठेवणं. सासूबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. बाईंनी त्यांना विचारलं, "तुम्हीसुद्धा चर्चला जाता का?"

"तुम्ही ठरवाल तेव्हा," सासूबाई म्हणाल्या.

मग अक्षरांचे वेगळे सल्लागार. ते आले नाहीत, त्यांचा चौदा पानी अहवाल आला. त्यात लिहिलं होतं, 'प्रस्तावित आकडा मैत्रीपूर्ण आहे. पवित्र वास्तूत मैत्री कितपत असावी याबाबत तज्ज्ञांत एकमत नाही. आकडा थोडा सडपातळ करता येईल का?' मी नम्रपणे उलट विचारलं की, सडपातळ केला तर तो दिसणार कसा? तीन आठवड्यांनी उत्तर आलं: 'दिसणं हा अनेक निकषांपैकी एक निकष आहे.' हे पत्र नेमकं सकाळी साडेनऊला आलं. त्या दिवशी मी घरातली सगळी इस्त्री संपवून लाउस्टचे रुमालसुद्धा केले.

यात पानगळ गेली, नाताळ गेला. नाताळच्या संध्याकाळी आमच्याकडे जो एरवी देवाला मानत नाही तोही चर्चला जातो. सासूबाई खिडकीशी बसल्या. घंटा थांबली, त्यांनी टोपी काढली आणि भट्टीत भाजायला ठेवलेल्या बदकाला रस किती सुटलाय ते बघायला उठल्या. मी चर्चमध्ये त्या संध्याकाळी काय गायले ते मला आठवत नाही.

जूनमध्ये परवानगी आली. चार सह्या, तीन शिक्के. आकडा बारा सेंटिमीटर उंच असावा. रंग शुभ्र नसावा, दुधाळ असावा. फळ्याच्या आकारात एक मिलिमीटरचाही बदल होऊ नये. जुने आकडे पेटीत घालून जपणुकीसाठी जिल्ह्याच्या गावी पाठवावेत. मी पेटी त्याच दिवशी पाठवली. कुणाचं मन बदलायच्या आत.

शनिवारी एगोन आकडे घेऊन आला. काय सुंदर होते! दुधाळ, गुबगुबीत, दारातून वेदीपर्यंत ओरडणारे. आम्ही पहिल्या ओळीत चार टांगला. छान बसला. त्याच्या शेजारी सहा. तोही बसला. मग पाच हातात घेऊन एगोन शिडीवर थांबला. फळ्याला चौफेर लाकडी चौकट, आणि चौकटीच्या आत आता अडीच बोटं जागा उरली होती.

आमच्या गीतपुस्तकात सातशेहून जास्त गीतं आहेत. दोन आकड्यांत नव्व्याण्णवपर्यंत जाता येतं.

मी घरी जाऊन फाईल काढली. त्रेचाळीस पानं. उंचीचा उल्लेख एकतीस वेळा, सुराचा सहा वेळा, मैत्रीचा नऊ वेळा. रुंदीचा एकदाही नाही.

"अंगानं भरलेलं म्हटलं होतं ना मी," एगोन म्हणाला. "भरलेलं माणूस बाकावर जास्त जागा घेतंच."

"थोडे अरुंद करता येतील?"

"बोल्ले अरुंद होत नाही ताई. चेपलेला पाव कोण घेईल? आणि तुमच्या चार सह्या गुबगुबीत आकड्यावर आहेत." त्यानं शिडीवरच बसून बराच प्रयत्न केला. एक हा आकडा त्यातल्या त्यात सडसडीत, त्यामुळे तीन एक शेजारी शेजारी बसले. म्हणजे एकशे अकरा तेवढं म्हणता येणार होतं.

रविवारी घंटा वाजली तेव्हा सासूबाई टोपी घालून दारात उभ्या होत्या. पाचव्या बाकावर बसल्या, फळ्याकडे थेट, मान ताठ ठेवून बघितलं, आणि सगळ्यांच्या आधी पुस्तक उघडलं. पहिलं कडवं त्यांनी असं म्हटलं की वरची धूळ खाली आली. मी त्या दिवशी नऊ महिन्यांचा शीण विसरले.

बाकीची मंडळी काही विसरली नाहीत. पुस्तकाच्या सुरुवातीला देवाच्या स्तुतीची गीतं आहेत. त्यातली आम्हाला येणारी तीन रविवारांत संपली. पुढे आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे. त्याच्यापुढे लगेच नाताळ. जुलैत, बाहेर एकोणतीस डिग्री, खिडकीतून वाळलेल्या गवताचा वास, आणि आत आम्ही घाम पुसत बर्फातल्या गव्हाणीची गीतं गातोय. बेकरीवाल्याच्या मुलीचं लग्न आगमनकाळातल्या गीतावर लागलं. 'तो येतोय, दार उघडा' म्हणत असतानाच उशीर झालेला नवरदेव खरंच दारातून आत आला, त्यामुळे ते तरी जमून गेलं. सुट्टीवर आलेले जर्मन लोक फोटो काढून गेले. आणि एकशे अकरा, तेही नाताळचंच, सलग चार रविवार झालं, कारण पाळकसाहेबांना तेवढंच तीन आकडी मिळत होतं आणि तीन आकड्यांत एक भारदस्तपणा असतो असं त्यांचं म्हणणं.

फळा रुंद करण्याविषयी मी कचेरीला लिहिलं. उत्तर या वेळी लवकर आलं: नवा अर्ज करावा, निर्णयास साधारण अठरा महिने.

ऑगस्टच्या शेवटी कमिटी बसली. आमच्या सभा सगळ्यांसाठी खुल्या असतात, पण तिथं कधीच कुणी येत नाही. त्या दिवशी सासूबाई आल्या आणि भिंतीलगतच्या खुर्चीत बसल्या. गुडरूननं त्यांना बघितलं नसावं. निदान तसं दाखवलं.

"जुने आकडे परत मागवावेत," ती म्हणाली. "एका म्हातारीसाठी सगळ्या गावानं बारा महिने नाताळ करायचा?"

"ती म्हातारी इथं बसलीय, गुडरून," सासूबाई म्हणाल्या. "तिचे डोळे गेलेत, कान नाही."

मी उभी राहिले. म्हटलं, आकड्यांत दोष नाही, मापात आहे, आणि माप घ्यायचं सगळेच विसरलो. खजिनदार खिडकीकडे गेले.

"पाळकसाहेब," सासूबाई म्हणाल्या, "तुम्हाला तोंड आहे ना? मग गीत सुरू व्हायच्या आधी आकडा मोठ्यानं सांगायला काय होतं?"

इतकं सोपं काही त्या खोलीत याआधी कुणी बोललं नव्हतं. पाळकसाहेबांनी बोटांची टोकं जुळवली. "मारेनआजी, कल्पना सुंदर आहे. पण उपासनेच्या क्रमात बोललेला शब्द वाढवायचा म्हणजे विषय बिशपांकडे जातो. आणि शेतांपलीकडच्या त्या दुसऱ्या पंथाच्या प्रार्थनाघरात आकडा ओरडून सांगतात. आपण त्यांच्यासारखे नाही, हेच तर आपलं आपलेपण आहे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. जुने आकडे परत मागवण्यावर मतदान झालं. पाच हात वर, माझा एकटीचा खाली. सभा संपल्यावर खजिनदारांनी माझे आभार मानले आणि इतिवृत्तात तसं नोंदवलं, ते मला जास्त लागलं.

घरी येताना मला वाटलं, आता ती टोपी, ती खिडकी, आणि माझ्या लहान आवाजाला यातून त्यांना बाहेर काढायचं बळ नाही.

जुने आकडे परत यायला फक्त सहा दिवस लागले. तेवढं काम कचेरीनं झपाट्यानं केलं. रविवारी घंटा सुरू झाली. मी कोट चढवून निघाले तर सासूबाई टोपी घालून फाटकाशी.

"अहो, पण तुम्हाला दिसणार नाही," मी म्हटलं.

"आठ आठवडे अख्ख्या गावाबरोबर घाम पुसत नाताळ गायले मी. आता लाजायचं काय उरलंय? चल."

आम्ही पाचव्या बाकावर बसलो. फळ्यावर ते नाजूक पितळी आकडे मंद चमकत होते. सल्लागार बाईंना बघून भरून आलं असतं. गुडरून आमच्या पुढे दोन बाक सोडून, पाठ ताठ. ऑर्गनवाल्यानं सुरुवातीचे चार सूर वाजवले आणि गीताआधी असते तेवढी शांतता पडली.

"गुडरून!" सासूबाई म्हणाल्या. बाजारात हाक मारावी तशी. "आकडा काय आहे गं?"

गुडरूनची मान मागून लाल होत गेली. पाळकसाहेब वेदीपाशी तोंड अर्धवट उघडून उभे. ऑर्गनवाल्याची बोटं हवेत.

"चारशे सत्तावन्न," गुडरून पुटपुटली.

"मोठ्यानं बोल. हसताना तर चांगला आवाज असतो तुझा."

"चारशे सत्तावन्न!"

आणि मग तो आवाज आला. पानं उलटायचा. आधी आमच्या मागच्या बाकावरून, मग डावीकडून, मग सगळीकडून. क्रेस्टेनची विधवा पानं उलटत होती. बेकरीवाला उलटत होता. सभेत हात वर केलेले खजिनदार अंगठा चाटून चाटून उलटत होते. सगळं चर्च, किती वर्षांपासून देव जाणे, वेगळंच पान उघडून ओठ हलवत बसलं होतं.

सासूबाईंनी निवांत चारशे सत्तावन्न काढलं आणि ऑर्गनकडे मान हलवून, वाजव आता, अशी खूण केली. मी पुस्तक जरा छातीशी धरून, कुणाला दिसणार नाही असं, हळूच पान बदललं. मी चारशे एक्कावन्न उघडून बसले होते.